मिस्सानंतर सांगितलेला पासवर्ड

आधीच सांगून टाकते, मी तोंडाने फटकळ आहे. वसईच्या कोर्टात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचं मला काडीचं वाटत नाही. ॲडव्होकेट रोवेना घोन्साल्विस, ऑफिस माणिकपूरला, रिक्षा स्टँडच्या समोर पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद आहे, पण वर आलात की डोळे भरून बघा. दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे नाहीत, धुळीने भरलेली कपाटं नाहीत, खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीवरच्या फायली उचलाव्या लागत नाहीत. माझी सगळी प्रकरणं 'कज्जा'मध्ये असतात.

'कज्जा' हे सुमेधने बनवलेलं सॉफ्टवेअर. सुमेध राहतो विरारला, मनवेलपाड्यात, आणि त्याचं ऑफिस आहे सातिवलीला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या ओतणारी मशिनं धडधडतात आणि वर हा पठ्ठ्या आणि त्याची दोन माणसं वकिलांचा संसार सांभाळतात. इंटरनेटवर उघडायचं, बस. प्रत्येक दाव्याची एक खोली. दावा, समोरच्याची कैफियत, कागदपत्रं, तारखा, वकिलाच्या खासगी टिपा, सगळं त्या खोलीत. कोणी कधी काय उघडलं, काय घातलं, काय पुसलं, याची नोंद त्या माणसाच्या मोबाइल नंबरासकट आपोआप होते. मुंबईचे वकील विचारतात, हे कुठल्या कंपनीचं. मी सांगते, सातिवलीचं. त्यांना सातिवली कुठे ते ठाऊक नसतं. मग मी ते पण सांगते, सावकाश, मजा घेत.

तर या 'कज्जा'मध्ये मी मागच्या वर्षी एक नवी खोली उघडली. बावखळाचा दावा.

बावखळ म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पूर्वजांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र हाकेवर असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. वसई पश्चिमेच्या एका आळीत असं एक बावखळ स्टीवन रुमावच्या सातबाऱ्यावर होतं. स्टीवनला ते बुजवून तिथे बिल्डिंग बांधायची होती. एका कोपऱ्यात डेब्रिजचे डंपर येऊन रिकामेही झाले होते. माणूस वाईट नव्हता. वाडीत आता राम राहिला नाही, पोरांना केळी नकोत, मग मी तळं कुरवाळत बसू का, असं त्याचं म्हणणं, आणि त्याला खोटं म्हणता येत नव्हतं. पण त्याने कैफियतीत लिहिलं की हे तळं खासगी आहे, बापाने मातीसाठी खणलेला तो खड्डा आहे आणि घरच्यांशिवाय त्या पाण्याला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. हे मात्र धडधडीत खोटं होतं, आणि अख्खी आळी त्याने पेटली.

आळीतर्फे माझ्याकडे आली आल्बिना मावशी. माझी सख्खी मावशी नव्हे, तिला सगळे मावशीच म्हणतात. सत्तरीची, काटक, अजून स्वतःच्या वाडीत भाजी लावणारी. आल्या आल्या तिने सांगितलं की बावखळ गेलं तर दोन पावसाळ्यांत तिची विहीर मचूळ होईल आणि विहीर मचूळ झाली की वाडी गेली, वाडी गेली की ती गेली. रडली नाही. बाजारात भाव सांगतात तसं सांगितलं. मी त्याच दिवशी दावा घेतला. आल्बिना मावशी वादी क्रमांक एक, आळीतली बाकीची घरं तिच्या मागे.

हातात मनाई हुकूम मिळाला नाही तर उन्हाळ्याच्या आत तळं बुजून जाणार होतं. आणि मनाई हुकूम मिळायला हवा होता पुरावा, की हे पाणी आळीचं होतं. मी जुने नकाशे काढले, तलाठ्याकडे खेटे घातले, मोजणीची कागदं मागवली. नकाशात बावखळ होतं, पण ते कोण वापरत होतं हे नकाशा कशाला सांगेल. शेवटी मी खोलीत माझ्यासाठी एक टीप लिहून ठेवली. आपली बाजू लंगडी आहे, बाहेरच्या कुणी हे पाणी वापरल्याचा एकही कागद नाही, हे समोरच्याच्या लक्षात आलं तर आपण गेलो. अगदी असंच लिहिलं.

आणि आल्बिना मावशीला खोलीचा पासवर्ड दिला, कारण ती वादी. घरची जुनी कागदं सापडली तर फोनवरूनच तिला आत टाकता यावीत म्हणून. देताना बजावलं, मावशी, हे घरातलं गुपित समज. तिने मान डोलावली. आता मला कळतं की तिने फक्त 'घरातलं' एवढंच ऐकलं.

एका सोमवारी सकाळी मी खोली उघडली आणि मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कुठल्या साइटवर गेले. फोटो, फोटो आणि फोटो. कुणाचा पहिला कम्युनियन, कुणाची बदकं, कुणाच्या बापूसचं मयताचं कार्ड, बावखळात पोहणारी नागडी पोरं, आणि कुणीतरी तर मासळीच्या लोणच्याची कृती टाकली होती. रविवारच्या दिवसात एवढं सगळं. मी सुमेधला फोन लावला आणि त्याला जे बोलायला नको ते सगळं बोलून घेतलं. तुझ्या सॉफ्टवेअरला भोक पडलंय, म्हटलं. त्या बिचाऱ्याने शांतपणे नोंदी तपासल्या. भोक नव्हतं. सगळे जण दरवाजातून आले होते. किल्ली लावून.

मी स्कूटर काढली आणि तडक आळीत गेले. काय बोलायचं, कप्पाळ. चर्चच्या वाटेवर क्रूस आहे, क्रुसाशेजारी फळा आहे, त्या फळ्यावर आळीतली मयतं, सण, गावकीच्या सभा खडूने लिहितात. त्या फळ्यावर, मधोमध, सुवाच्य अक्षरात, माझा पासवर्ड. आल्बिना मावशीने रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधली प्रार्थना संपल्यावर, तिथल्याच अंगणात सगळ्यांना तो वाचून दाखवला होता, आणि ज्यांना ऐकू आला नाही त्यांच्यासाठी निवृत्त मास्तरांकरवी फळ्यावर घातला होता.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. मी तिच्या ओट्यावर उभी राहून बोलत सुटले. गुप्तता म्हणजे काय, वकील-अशील म्हणजे काय, माझ्या टिपा म्हणजे काय. ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. माझं संपल्यावर म्हणाली, "दावा आळीचा आहे ना? मग आळीला नको कळायला?"

मी म्हटलं, आळीला कळू दे, पण आळीत स्टीवन राहतो.

"मग? तो काय मिस्साला येत नाही?"

 मी तिथूनच सुमेधला फोन लावून विचारलं, स्टीवन आत आला होता का. त्याने बघून सांगितलं की हो, स्टीवनच्या फोनवरूनही खोली उघडली गेली आहे, एकदा नव्हे, तीनदा. म्हणजे माझी लंगडी बाजू मी स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात वाढली होती. वर सुमेधने हेही सांगितलं की ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला पुसायचाही अधिकार. स्टीवनला वाटलं तर तो बोटाने सगळा पुरावा साफ करू शकत होता.

पासवर्ड बदल, म्हणाले मी. सुमेध तयारच होता. पण आल्बिना मावशी हट्टाला पेटली. आळीच्या नावाने जे चालतं ते आळीसमोर चालतं, सण असो की भांडण, अशी त्यांची रीत. स्टीवनला बाहेर ठेवायचं असेल तर तसं गावकीत त्याच्या तोंडावर सांगावं लागेल, आणि मयत-लग्नाचं येणंजाणं तोडून त्याला आळीबाहेर काढावं असं काही त्याने केलेलं नाही. नाहीतर तुझं वकीलपत्र परत घे, म्हणाली. मला. मी हात टेकले. फक्त माझ्या टिपा त्या खोलीतून काढून दुसरीकडे नेल्या आणि झालेल्या गोष्टीवर मूग गिळून बसले.

मग बसले तो ढीग उपसायला. लोणचं बाजूला, बदकं बाजूला. आणि उपसता उपसता माझा हात थांबला. एक फोटो लग्नाच्या आदल्या दिवसाचा. पुढे बँडवाला, मागे लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर घागरी, पायाशी बावखळाच्या दगडी पायऱ्या. खाली दुसऱ्या घरातला तसाच. मग तिसऱ्या. काळे-पांढरे, पिवळे पडलेले, मग रंगीत, मग कॉम्प्युटरवर छापलेले. त्या आळीत नवऱ्याला किंवा नवरीला लग्नाआधी जी आंघोळ घालतात तिचं पाणी वाजतगाजत बावखळातून आणतात, आणि ते आणायला दर घरातून एक बाई जाते. एका जरी घराची बाई गेली नाही तर पाणी अपुरं मानतात. आमच्या माणिकपूरला आता पाणी नळाचं आणि हौस फोटोग्राफरची, मला कसं सुचावं. मी तलाठ्याच्या दारात बसले होते आणि पुरावा घरोघरच्या लग्नाच्या अल्बमात होता. तो त्यांच्याकडे मागायचीही गरज पडली नाही. फळ्यावर पासवर्ड दिसला आणि त्यांनी तो आणून दिला, बदकांसकट.

त्या दिवशी मी आल्बिना मावशीला फोन करून काय म्हणाले ते सांगत नाही. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती जरा वाकडीतिकडी झाली.

आणि मग सगळ्यात शेवटचा फोटो. नवरा मुलगा ओट्यावर बसलेला, बायका त्याच्या डोक्यावर पाणी ओततायत, आणि अल्बमच्या त्याच पानावर शेजारी दुसरा फोटो, त्याच पाण्याची मिरवणूक पायऱ्यांवरून वर चढतेय, सर्वांत पुढे तरुण आल्बिना मावशी. नवरा स्टीवन होता. मी डोळे चोळले. नोंदीत बघितलं, फोटो आला होता स्टीवनच्या फोनवरून.

झालं होतं असं. स्टीवनची आई कार्मिन, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. आळीतली माणसं तिला आता फारशी भेटत नाहीत, चर्चला जाता येत नाही. खोलीत फोटो यायला लागले तशी ती स्टीवनला रोज संध्याकाळी फोन दाखवायला लावायची. ही कोण, ती कोण, ही गेली, हिचा पोरगा दुबईला, असं चालायचं. एके दिवशी म्हणाली, आपला नाही का घातलास, सगळ्यांचे आहेत. आणि स्टीवनने कपाटातून अल्बम काढला आणि स्वतःच्या हाताने घातला. हे मला आल्बिना मावशीने सांगितलं. तिला कार्मिनने. त्या आळीत हे असंच चालतं.

रीतीप्रमाणे मी सगळ्या फोटोंची यादी आणि प्रती समोरच्या वकिलांना पाठवल्या. मुंबईचे वकील, नाव नको. त्यांचा फोन आला की आमच्या अशिलाचा फोटो तुमच्याकडे आला कसा. मी म्हटलं, अशिलाला विचारा.

सुनावणीला अर्धी आळी आली. बाकांवर जागा नव्हती, दारातही माणसं. सुमेध मागे भिंतीला टेकून उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, त्याच्या मते त्या दिवशी 'कज्जा'चीच सुनावणी होती. आणि खरंच तसंच झालं. मुंबईच्या वकिलांनी पहिला घाव तिथेच घातला. म्हणाले, मॅडम, या खोलीचा पासवर्ड गावाच्या फळ्यावर लिहिलेला होता, कुणीही यावं आणि काहीही टाकावं, अशा बाजारातून आलेल्या फोटोंवर कोर्टाने विश्वास का ठेवावा. दुसरा घाव असा, की पायऱ्या आणि माड वसईच्या कुठल्याही तळ्याला असतात, हे फोटो याच तळ्याचे कशावरून? तो त्यांनी माझी टीप वाचून घातला की त्यांनाच सुचला, देव जाणे.  याचं उत्तर माझ्याकडे कागदावर नव्हतंच.

न्यायाधीश बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की पासवर्ड नक्की कुणाकुणाकडे होता.

आता वकील अशा वेळी शब्द चघळतो. मीही चघळले असते. पण माझी नजर बाकावर गेली, तिथे आल्बिना मावशी पाठ ताठ करून बसली होती, जसं काही पासवर्ड फळ्यावर लिहिणं ही चूक नाही तर व्यवस्था होती. आणि व्यवस्थाच होती ती. मला एकदम तिची लाज वाटायची थांबली.

"सगळ्या आळीकडे, मॅडम," मी म्हणाले. "प्रतिवादींकडेही. ज्यांच्याकडे पासवर्ड, त्यांना फोटो पुसताही येत होते. प्रतिवादी रोज आत येत होते. या खोलीतून आजपर्यंत एकही फाइल पुसली गेलेली नाही. नोंदी कोर्टासमोर ठेवल्या आहेत. माझ्या अशिलांनी काहीही लपवलं नाही, आणि प्रतिवादींनी काहीही चोरलं नाही. मी या कोर्टात बरीच वर्षं येते आहे, असा दावा मी पाहिलेला नाही."

मागे कुणीतरी खोकलं. न्यायाधीश बाई नोंदींचे कागद चाळत राहिल्या. मग त्यांनी तो एक फोटो बाजूला काढला आणि प्रतिवादी हजर आहेत का विचारलं. मुंबईचे वकील लगबगीने उठले, याची आत्ता गरज नाही म्हणाले, आणि बसता बसता स्टीवनच्या कानाला लागून काहीतरी पुटपुटले. काय ते मला ऐकू यायची गरज नव्हती. आठवत नाही म्हणून सांग, दुसरं काय असणार. जुना फोटो, कुठलं तळं कुणास ठाऊक. कुणी त्याला दोष दिला नसता. आणि आमचा खेळ तिथे संपला असता.

स्टीवन उठला. जाड मनगटांचा, उंच माणूस, पण उभा राहिला तो शाळेत उभा केल्यासारखा. फोटो त्याच्या हातात दिला. बाईंनी विचारलं, हा कुठे काढलेला आहे.

तो फोटो बघत राहिला. इतका वेळ, की बाईंना पुन्हा विचारावं लागलं. आल्बिना मावशी त्याच्याकडे बघत नव्हती, ती समोर भिंतीकडे बघत होती. मला वाटतं त्याच्यावर भार पडू नये म्हणून.

"आळीतल्या बावखळावर," स्टीवन म्हणाला.

बाईंनी विचारलं, पुढे घागर घेतलेली बाई तुमच्या घरातली आहे का.

"नाही, मॅडम. त्या वादी आहेत." मग त्याला ते बरोबर वाटलं नसावं, कारण तो पुन्हा बोलला. "आल्बिना मावशी. माझ्या लग्नाचं पाणी तिने आणलं. तिच्या मागे सगळ्या घरांच्या बायका आहेत. सगळ्या आल्याशिवाय आमच्यात आंघोळ घालत नाहीत."

त्याचे वकील खाली बसले. कागद नीट लावायला लागले.

हुकूम त्याच दुपारी झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तळ्यात मातीचा कण टाकायचा नाही आणि टाकलेलं डेब्रिज उचलायचं. आळी बाहेर येऊन नुसती उभी राहिली, कुणी आरडाओरडा केला नाही. सुमेधने मला विचारलं की आता तरी एकेकाला वेगळा पासवर्ड देऊ का. मी म्हटलं, देऊ, बाकीच्या दाव्यांत. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला त्याचा अभिमान होता, आल्बिना मावशीचा होता, त्या फळ्यावर सुवाच्य लिहिणाऱ्या मास्तरांचाही होता. पण मी शोधत होते दुसऱ्यालाच.

स्टीवन पार्किंगमध्ये एकटा होता, गाडीला टेकून. समोरच्या पार्टीशी असं बोलू नये, मला नियम माहीत आहेत. म्हणून मी दाव्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, आठवत नाही म्हणाला असतास तर चाललं असतं.

त्याने मान हलवली. "आई रोज बघते तो फोटो," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी जाऊन तिला काय सांगू? दुसऱ्या कुठल्या तळ्याचा आहे म्हणून?"

 ज्याच्याविरुद्ध उभी राहिले त्याच्यासाठी माझा ऊर भरून आला होता, आणि ते मला त्याला दाखवायचं नव्हतं. मी काळा कोट काढून हातावर घेतला. अपिलात जाशील तर मी तुझ्याविरुद्ध उभी राहीन, सांगितलं त्याला, आणि एक इंच सोडणार नाही. तो म्हणाला, हो, ते माहीत आहे. मग त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि आल्बिना मावशीला हाक मारली, घरी सोडतो म्हणून. ती गेली आणि बसली.